पाठमोऱ्याचा डावा खांदा

रविवार, ७ जुलै

हे पाकीट फोडणाऱ्यास विनंती. हे पत्र तुमच्या स्पर्धेसाठी नाही. पाठमोरा कोण याचा अंदाज मला करायचा नाही, कारण मी त्याला ओळखलेलं आहे. तुमच्या मालिकेत करडा लांब कोट आणि टोपी घालून दर शनिवारी जो माणूस आमच्याकडे पाठ करून उभा राहतो, त्याच्या हातात हे द्यावं. खालचं वाचू नये, घरगुती आहे.

प्रिय गुंड्या,

खुशाली वगैरे नंतर. आधी बस, आणि पत्र पुरतं वाचल्याशिवाय उठू नकोस. मी ताई.

तू गेल्यापासून चार वर्षं तुझा पत्ता नव्हता, म्हणून पत्रही नव्हतं. आता मालिका संपताना ती पाटी येते ना, 'पाठमोरा कोण? अंदाज पत्राने कळवा, बिनचूक ओळखणाऱ्यास मोठा रंगीत टीव्ही', तिच्यावरचा पत्ता मी काल कटिंगच्या टेबलावर खडूने उतरवून घेतला. पाटी भर्रकन जाते. अर्धा पत्ता गेल्या शनिवारी मिळाला होता, उरलेला काल.

मी मालिका बघतच नव्हते. समोरचे घड्याळवाले काका आणि बेकरीवाल्या काकू आमच्याकडे येऊन बघतात, कारण काकांच्या दुकानात इतकी घड्याळं टिकटिकतात की संवाद ऐकू येत नाहीत. तळ्याकाठचं लॉज, एकेक पाहुणा मरतोय, आणि मारणारा फक्त पाठीकडून दिसतोय, एवढंच माझ्या कानावर होतं. मी आपली काजं करत बसायचे. त्या दिवशी सुईत दोरा जाईना म्हणून मान वर केली, तर पडद्यावर तू.

टोपी, वर केलेली कॉलर, अंधार, धूर, सगळं होतं. पण त्या कोटाच्या डाव्या खांद्याखाली एक तिरकी चुणी पडली होती. गुंड्या, ती चुणी मी झोपेतसुद्धा ओळखीन. कटिंगच्या टेबलावरून तू उडी मारलीस, कॉलरचं हाड मोडलं आणि डावा खांदा जन्मभरासाठी अर्धं बोट खाली बसला. तेव्हापासून बाबांनी तुझ्या प्रत्येक सदऱ्यात, प्रत्येक कोटात डाव्या बाजूला आतून छोटी गादी शिवली. लोक त्याला पॅड म्हणतात, बाबा गादीच म्हणतात. "अंगातली खोट कपड्याने झाकायची, आणि झाकलीय हे त्या माणसालासुद्धा कळू द्यायचं नाही," हे त्यांचं वाक्य तू त्यांच्याच आवाजात किती छान म्हणून दाखवायचास. तुझा खांदा खाली आहे हे आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. मग तिथल्या शिंप्याला तरी कुठून माहीत असणार?

तूच आहेस ना? तेवढं कळव. एका ओळीत कळव.

बाबा ठणठणीत आहेत. हे पत्र मी लिहितेय हे त्यांना माहीत नाही.

तुझी ताई

रविवार, २१ जुलै

(पाकीट फोडणाऱ्यास: पुन्हा तेच. कोटातल्या माणसाला द्यावं. सोबतची वस्तू स्पर्धेची नाही, ती फेकू नये.)

गुंड्या,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला मी आता इतकं छळलंय की तो आमच्या दारावरून मान खाली घालून सायकल पळवतो. म्हणजे तू हे वाचत नसशील, किंवा वाचून गप्प बसला असशील. दुसरं असेल तर तू अगदी बाबांचा मुलगा शोभतोस.

बाबांचं ऐक. मालिका लागली की ते टीव्हीकडे पाठ करून इस्त्रीला बसतात. "खुनाखुनी बघायची आणि पोळी खाऊन झोपायचं, काय लोक!" असं काकांना ऐकू जाईल इतपत पुटपुटतात. पण त्यांच्या समोर काय आहे? ट्रायलचा आरसा. आणि आरशात काय दिसतं? टीव्ही. काल पाठमोरा जिना चढून गेला, आणि बाबा इस्त्री उभी ठेवून म्हणाले, "कोट कुणी शिवलाय हा? डावीकडे मरतोय, चुणी पडलीय."

काकू म्हणाल्या, "तुम्ही तर बघत नाही ना?"

"दिसलं," बाबा म्हणाले आणि पुन्हा इस्त्री फिरवू लागले. एकाच बाहीवरून सात-आठ वेळा फिरवली.

त्यांनी ओळखलं की नाही? विचारायची सोय नाही. तुझा विषय या घरात निघत नाही हे तुला सांगायला नको. तू त्या बड्या गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून त्याच्या चालीची नक्कल केलीस, ते त्याने नेमकं आरशात पाहिलं, माझ्या तोंडातल्या टाचण्या हसण्याने उडाल्या, आणि गिऱ्हाईक अर्ध्या ट्रायलमधून कोट टाकून गेलं. बाबा म्हणाले, "माणसांची नक्कलच करायची असेल तर जिथे त्याच्या टाळ्या मिळतात तिथे जा." आणि तू गेलास. इतकं शब्दाला जागणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. रागाने बोललेला शब्द पाळायचा नसतो, एवढी अक्कल तुम्हा दोघांनाही नाही.

असो. काल मी कॅनव्हास आणि कापूस घेऊन गादी शिवायला बसले. बाबा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. मी म्हटलं, "एका गिऱ्हाइकाची आहे." त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, दोन बोटांत दाबून पाहिली, एका बाजूचे टाके उसवले, चिमूटभर कापूस काढला आणि परत दिली.

"एवढी जाड लागत नाही त्या गिऱ्हाइकाला," म्हणाले आणि आत निघून गेले.

तीच गादी पाठवतेय. बाहीच्या जोडापासून बोटभर आत लाव, टाके अस्तरात लपव. तुला येतं. येत नसेल तर बाबांची इतकी वर्षांची शिकवणी पाण्यात गेली म्हणायची.

ताई

शनिवार, १० ऑगस्ट

गुंड्या,

काहीच नाही. पत्र नाही, आणि कोट तसाच मरतोय. आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले, तेव्हा बाबांनी मला मशीनवरून उठवलं आणि म्हणाले, "जरा वारा खाऊन ये." रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, पोस्टाची पेटी पाहिली, परत आले.

इथे सगळ्या रस्त्याला एकच रोग लागलाय. बेकरीवाल्या काकूंना लॉजच्या मालकिणीचा संशय आहे, कारण ती फार गोड बोलते. काकांचा डॉक्टरवर डोळा आहे. "दर वेळी प्रेताशी पहिला तोच कसा पोचतो?" म्हणतात. त्यावर काकू म्हणाल्या, "अहो, प्रेताशी डॉक्टर नाही पोचणार तर काय शिंपी पोचेल?" शेजारच्या दवाखान्यातली नर्स म्हणते माळी, कारण माळी कधीच काही बोलत नाही. बाबांसारखी माणसं बघून बघून लोकांचा गप्प बसणाऱ्यावरचा विश्वासच उडालाय. मला विचारतात तेव्हा मी फक्त हसते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत झालीय. सगळे खुनी शोधतायत आणि माझं लक्ष खांद्याकडे.

काकू म्हणाल्या की मालिका काही आठवडे आधी करून ठेवतात. म्हणजे अजून आशा आहे. म्हणजे आता जो तू दिसतोस तो गादी मिळायच्या आधीचा आहेस. हे कळल्यावर मला बरंही वाटलं आणि रागही आला. पडद्यावर दिसतोस तेव्हासुद्धा तू तिथे नसतोस!

पहिल्या पत्रात बाबा ठणठणीत आहेत असं लिहिलं होतं. चालतात, जेवतात, भांडतात, त्या अर्थी ठणठणीतच. पण उजवा हात थरथरतो. कप उचलताना कमी, कात्री उचलताना जास्त. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, हळूहळू वाढणार. तू गेल्यापासून त्यांनी एकही कोट बेतलेला नाही. आधी म्हणायचे कापड चांगलं मिळत नाही, मग म्हणायला लागले आजकाल कोट घालतंय कोण. आता दुकानात नुसती दुरुस्ती चालते. चेन बदल, कंबर सैल कर, पाय आखूड कर. मोठी कात्री त्यांनी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलीय.

हे लिहायचं नव्हतं. तुला दयेने बोलवायचं नाहीये मला. पण त्यांचा हात अजून खडू धरतो तोवर तू यावंस, एवढीच माझी घालमेल आहे.

ताई

शनिवार, २४ ऑगस्ट

गुंड्या! गुंड्या! गुंड्या!

बसला! कोट बसला! तू तळ्याच्या काठी उभा होतास, पाठीमागून कंदिलाचा उजेड, आणि पाठ अशी सपाट, अशी सरळ की एक सुरकुती असेल तर शपथ. मी उठून टीव्हीच्या काचेला हात लावला. काकू ओरडल्या, "अगं बाजूला हो, खून होतोय!"

आणि मग तू ते केलंस. जाता जाता उजव्या हाताच्या दोन बोटांनी डावा खांदा झटकलास. टक, टक.

ट्रायल झाली की बाबा गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचा खडू झटकतात, अगदी तसंच. मान किंचित वाकडी, बोटं जुळलेली, जोर मनगटात. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मालिकेत कोण मेलं ते मला अजून माहीत नाही.

इकडे संशोधन सुरू झालं. "खुणेची गोष्ट दाखवली," काका म्हणाले. "हा माणूस खांद्यावरून काहीतरी झटकतो. काय झटकतो?" नर्स म्हणाली, माती, म्हणजे माळीच. काका म्हणाले, कोंडा, डॉक्टरच्या डोक्यात पाहिला मी. बाबांचा आवाज आला, "खडू आहे."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बाबा आरशाकडे तोंड करून बसले होते, हातात इस्त्री नव्हती, काही नव्हतं.

"खडू? मग त्यात मास्तर कुठाय कुणी?" काकूंनी विचारलं.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलत होते, तेव्हा बाबा स्वतःशीच म्हणाले, "नक्कल करतोय माझी." वाटलं, झालं, आता पुन्हा तेच. पण आरशात पाहिलं तर ते हसत होते रे. दात दिसत होते.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या चुणीपासून माहीत होतं. आणि तुला पत्रं मिळतायत. मग एक ओळ लिहायला तुझं काय जातं? का तुलाही त्यांच्याचसारखं पाठ करूनच बोलता येतं? लिही. किंवा ये. काहीतरी एक कर, मला रात्रीची झोप नाही.

ताई

रविवार, ८ सप्टेंबर

गुंड्या,

एक गोष्ट सांगायची होती, आणि एक सांगायची नव्हती. दोन्ही सांगते.

पुढच्या शनिवारी शेवटचा भाग. पाठमोरा वळणार आणि तोंड दाखवणार. मी विचार करून करून एक गोष्ट पक्की केलीय. मालकीण नाही, डॉक्टर नाही, माळी नाही. पाठ तुझी आहे तर तोंडही तुझंच निघणार. शेवटी कुणीतरी नवाच माणूस निघणार, ज्याचा कुणी विचारच केला नाही, आणि तो तू. म्हणूनच तू लिहीत नाहीस! तुला तोंड उघडायची बंदी असणार. हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच नाचले. इतके दिवस उगाच तुला शिव्या दिल्या.

आता सांगायची नव्हती ती. काल मी काकांना सांगितलं. फक्त काकांना. ते भिंगातून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे बघ, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. टीव्हीवाले पाठ एकाची घेतात आणि तोंड दुसऱ्याचं." मला इतका राग आला! मी म्हटलं, "काका, तुमच्या घड्याळात काटे एकाचे आणि पट्टा दुसऱ्याचा असेल. आमच्याकडे ज्याचा कोट असतो त्यालाच तो होतो. पाठ आणि तोंड एकाच माणसाला असतं."

हे मी जरा मोठ्याने म्हटलं असावं. कारण संध्याकाळपर्यंत काकूंनी विचारलं, "म्हणजे आपला गुंड्या खुनी?" नर्सने विचारलं, कोपऱ्यावरच्या चांभाराने विचारलं, जिला मी ओळखत नाही अशी एक बाई दुकानात येऊन म्हणाली, तुमच्या भावाने मालकिणीला मारू नये एवढं त्याला सांगा. मग मीही कंबर कसली. म्हटलं, या सगळे शनिवारी. बघा माझ्या भावाला.

बाबांना मी काही बोलले नाही. पण आज त्यांनी कपाटातून स्वतःचा कोट काढला आणि बाहेर उन्हात टांगला.

ताई

शनिवार, १४ सप्टेंबर, दुपार

चारच ओळी. काकूंच्या बेकरीतून बाकं आणलीत, काकांकडून स्टुलं, दवाखान्यातून दोन खुर्च्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ट्रायलचा आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलाय. बाबांनी दाढी केली, कोट घातला, आणि पहिल्यांदा टीव्हीकडे तोंड करून पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. मालिकेला अजून खूप वेळ आहे. मी म्हटलं, "बाबा, आताच कशाला?" तर म्हणाले, "असू दे." तू तिथे कुठेतरी एकटाच बघणार का रे? कुणी आहे का तुझ्याबरोबर?

ता.

रविवार, १५ सप्टेंबर

गुंड्या,

डॉक्टर.

तू लॉजच्या मोठ्या खोलीत शिरलास, कोटाची पाठ अशी सुंदर, सगळं दुकान श्वास रोखून, मी बाबांच्या खुर्चीची पाठ धरून उभी. "वळ," कुणीतरी म्हणालं पडद्यावर. टोपी खाली आली, माणूस वळला, आणि डॉक्टर हसत होता.

कुणी काही बोलेना. तेच फार वाईट. हसले असते तर बरं होतं. मग मागच्या बाकावरून फसकन आवाज आला, एक हसला, दुसरा हसला. काकूंनी त्यांना गप्प केलं. काकांचा अंदाज बरोबर आला होता, त्यांना टीव्ही मिळायचीसुद्धा शक्यता, पण ते बिचारे खाली मान घालून घड्याळाच्या पट्ट्याची चाळवाचाळव करत बसले. म्हातारा चांगला आहे. "हात दाखवून अवलक्षण" म्हणतात ते मी केलं, सगळ्या रस्त्याला खुर्च्या मांडून केलं. मी आत पळाले आणि कापडाच्या ढिगात तोंड खुपसलं.

रडू कशाचं आलं ते नीट सांगते. फजितीचं नव्हतं, फजिती लोक उद्या विसरतील. मला वाटलं होतं, तुझं तोंड दिसेल. चार वर्षांत कसा झालायस ते दिसेल. बारीक झालायस का, दाढी ठेवलीस का, आईसारखे कान अजून बाहेर आलेत का. बाबा कोट घालून बसले होते रे त्यासाठी. आणि मीच त्यांना बसवलं होतं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "ए, इकडे ये. लवकर ये."

गेले. सगळे तसेच बसले होते. बाबा खुर्चीतून उठून पडद्याच्या अगदी जवळ उभे होते. डॉक्टर आपल्या पापांचा पाढा वाचत होता, आणि बाबा त्याच्या खांद्यावर बोट ठेवून उभे.

"बघ," म्हणाले. "डावा वर आलाय."

मी डोळे पुसून पाहिलं. खरंच. डॉक्टरचा डावा खांदा अर्धं बोट वर. कॉलर डावीकडून ढकलली गेली होती, कोट पुढून तिरका पडला होता.

"याचे खांदे सरळ आहेत," बाबा म्हणाले. "याला गादी लागत नाही. आपली गादी आहे ती आत. काढायची विसरले."

दुकानात कुणाला काही कळलं नाही. नर्सने विचारलं, "कसली गादी?" आणि मी काय करावं? मी हसायला लागले. बाबाही. आम्ही दोघं त्या खुनी डॉक्टरसमोर पोट धरून हसत होतो, आणि तो बिचारा मालकिणीवर पिस्तूल रोखून उभा. काकू म्हणाल्या, "बाप-लेकीला लागलं काहीतरी डोक्याला."

सगळे गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्हाला वाटलं होतं का तोंड त्याचंच निघेल?"

"नाही. पाठीला वेगळा माणूस ठेवलाय हे दिसतच होतं. डॉक्टर चालतो फताफता. पाठमोरा चालतो माझ्यासारखा."

"मग मला का नाही सांगितलंत? मी सगळ्या रस्त्याला बोलावलं!"

"तू इतक्या आनंदाने खुर्च्या मांडत होतीस," ते म्हणाले.

"आणि तुम्ही कोट घालून कशाला बसलात मग?"

त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला, खांदे सारखे केले. मग म्हणाले, "आरशात बघून कंटाळलो होतो. म्हटलं, एकदा सरळ बघू त्याला. पुढच्या शनिवारपासून तर तेवढी पाठही नाही दिसणार."

हे मी तुला सांगितलं म्हणून त्यांना कळू देऊ नकोस.

ताई

रविवार, २२ सप्टेंबर

(पाकीट फोडणाऱ्यास: स्पर्धा संपली हे माहीत आहे. हे शेवटचं. आजवरची पत्रं तुम्ही पोचवलीत, तुमचं भलं होवो.)

गुंड्या,

काल शनिवार. त्या वेळेला सवयीने टीव्ही लावला तर कसलातरी गाण्याचा कार्यक्रम होता. बाबांनी दोन मिनिटं पाहिला, बंद केला, आणि स्टुलावर चढून फळीवरची मोठी कात्री काढली. फडकं सोडलं.

करडं कापड काढलं. ते कधी आणून ठेवलं होतं मला माहीत नाही. तुझं माप कुठे लिहिलेलं नाही, ते त्यांच्या डोक्यात आहे. टेबलावर कापड पसरलं आणि खडूने रेघ ओढायला लागले. रेघ थरथरत गेली. थांबले. पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा तशीच. मग खडू माझ्याकडे न बघता माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "मी सांगतो, तू ओढ." आम्ही दोघांनी मिळून तुझी पाठ बेतली. ते बोटाने दाखवायचे, मी ओढायची. कात्री मात्र त्यांनीच धरली. मी कापड घट्ट ताणून धरलं आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला, त्यांनी ठेवू दिला. कात्री चालली. कड जराशी वाकडी आलीय एका ठिकाणी. ती आत शिलाईत जाईल, पण तुला दिसेल. दिसली तरी बोलू नकोस.

आज तो कोट कच्च्या टाक्यांवर उभा आहे, दारासमोरच्या खुंटीवर. अस्तर नाही, काजं नाहीत. डाव्या खांद्यात गादीही नाही, तो तसाच पडून आहे. मी म्हटलं, "नवी गादी शिवू का?" तर बाबा चिडले. गेल्या चार वर्षांत तुझ्या बाबतीत इतकं लांबलचक बोललेले मी ऐकले नव्हते, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"नवी कशाला? आपली आहे की! त्या डॉक्टरच्या कोटात राहिलीय. परक्या माणसाच्या खांद्यावर ठेवायला शिवली होती का आपण? त्याला लिही, म्हणावं आधी ती उसवून घे, आणि घेऊन ये. आणि पोस्टाने पाठवू नकोस म्हणावं. कच्चा कोट अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्का करता येत नाही, एवढं तरी शिकला असेल तो इथे."

मग जरा वेळाने, इस्त्रीवर पाणी शिंपडता शिंपडता, "माझा हात असेपर्यंत ये म्हणावं," असं म्हणाले. मी ऐकलं नाहीसं दाखवलं.

ट्रायलचा आरसा पुन्हा सरळ करून ठेवलाय. घड्याळवाल्या काकांना टीव्ही लागला, ते म्हणतात तो तुम्हीच ठेवा, मला आवाज ऐकू येत नाही. काकू म्हणतात, गुंड्या आला की मला आधी विचारायचंय, मालकिणीला मारलं ते खरं कुणी, त्याने की डॉक्टरने. काय उत्तर द्यायचं ते तू ठरव.

गादी घे आणि नीघ. आणि गुंड्या, दारात आलास की तोंड पुढे करून ये. पाठ आम्ही पुष्कळ पाहिली.

ताई